पस्तीस मिनिटांत कुडाळ

"सदूच्या गाडयेत बसतलंस ना, मगे आधी घराकडे सगळा सांगान ठेव," दुकानात एक बाई दुसरीला म्हणाली.

"कित्या गो? काय झाला?"

"होवचा काय नाय. पण बसल्यार तोंडात आपोआप देवाचा नाव येता."

दोघी हसल्या. मी नारळाच्या पोत्यांमागे उभी होते, हातात आईने आणायला सांगितलेली कापराची पुडी होती, आणि सदू म्हणजे माझे बाबा. मी पुढे आले असते तर त्यांनी जीभ चावली असती आणि "गो बाय, तू खंय होतंस?" असं गोड बोलून विषय बदलला असता. म्हणून मी पुढे आलेच नाही. त्या जाईपर्यंत पोत्यांवरची छापील अक्षरं वाचत राहिले. मी तेव्हा बारावीला होते. पहिलीपासून मालवणच्या इंग्रजी शाळेत गेलेली, तिथे मराठी बोललं की उभं राहायला लागायचं, आणि घरी आले की सगळं मालवणी. मला दोन्ही भाषा समजायच्या, पण कुठलीही बोलताना आधी वाक्य मनात जुळवून बघायची सवय लागली होती, आणि ते जुळेपर्यंत लोक पुढच्या विषयावर गेलेले असायचे. गावातल्या मुली मला मॅडम म्हणत. बाबांना मात्र माझा कोण अभिमान. गाडीत बसलेल्या प्रत्येक पर्यटकाला ते सांगायचे, "माझा चेडू इंग्लिश मीडियमाक आसा," आणि मग आरशातून मागे माझ्याकडे बघायचे, की आता ही दोन वाक्यं बोलून दाखवील.

बाबांची गाडी पांढरी, सात माणसांची. अगदी मागे दोन आडवी बाकडी होती, सामान नसेल तर माणसं आणि माणसं नसतील तर सामान. हंगामात ते पर्यटकांना किल्ला, समुद्र, देवळं दाखवत फिरायचे, पण त्यांचं नाव झालं होतं ते वेगळ्याच कामासाठी. चतुर्थीला, शिमग्याला, मे महिन्यात मुंबईची माणसं गावी येतात, आणि परत जाताना त्यांना कुडाळ स्टेशनला ट्रेन गाठायची असते. आमच्या गावातून कुठल्याच घरचं माणूस वेळेवर निघत नाही. सामान आदल्या दिवशी भरून ठेवलेलं असतं, पण निघायच्या वेळी कुणालातरी आठवतं की कोकमाची सोलं राहिली. मग सोलं बांधायची, मग चार नारळ सोलायचे, मग शेजारची काकू खडखडे लाडू घेऊन येते आणि तिला तसं पाठवता येत नाही. मग देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. घरातला मोठा माणूस देवाला सगळी हकिकत सांगतो, कोण आलं, कोण निघालं, काय चुकलंमाकलं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. या सगळ्यात जो वेळ जायचा तो बाबा रस्त्यावर भरून काढायचे. "सदू आसा मगे रेल्वे चुकाची नाय," असं लोक म्हणायचे. गाव ते कुडाळ, इतरांना पाऊण तासाच्या वर वेळ लागायचा. बाबांचा आकडा पस्तीस मिनिटांचा होता, आणि तो गावात सगळ्यांना पाठ होता.

पूर्वी ते इतके वेगात जात नसत. मला आठवतं, मी लहान असताना त्यांच्या मांडीवर बसून स्टेअरिंग धरायची आणि अंगणातली कोंबडी ओलांडून पुढे जाईल इतकी गाडी हळू चालायची. पुढे हायवे चौपदरी झाला. बाबा पर्यटकांना घेऊन गोव्याला जायला लागले, आणि तिथे शंभरच्या पुढे काटा गेला तरी गाडीत कपभर चहा सांडत नाही, हे त्यांनी आम्हाला स्वतः चहा घेऊन दाखवलं. त्यानंतर पाय सैल झाला नाही. हायवे सोडून आमच्या आतल्या रस्त्याला वळले तरी पाय तोच. आतला रस्ता म्हणजे एका गाडीपुरता डांबराचा पट्टा, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, कुठे कुठे माणसाच्या छातीएवढे उंच. समोरून वाहन आलं तर चालणाऱ्याने गडग्याला पाठ लावून उभं राहायचं, दुसरीकडे जायला जागाच नसते. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, वळणाआधी तीस आकड्याची एक गोल पाटी होती. पावसाळ्यात तिच्यावर वेल चढायचा आणि पार शिमग्यापर्यंत तो तीस कुणाला दिसत नसे. दिसला असता तरी काय, असं मी आज लिहिणार होते, पण खरं म्हणजे मला ते माहीत नाही.

त्या वर्षी आई पुढच्या सीटवर बसायची बंद झाली. तिने कारण सांगितलं नाही. मागे बसायची आणि वळण आलं की दाराच्या वरची कडी धरायची. ती कडी धरतानाचा तिच्या बांगड्यांचा आवाज मी ऐकायची आणि बाबाही ऐकत असणार, कारण ते रेडिओ मोठा करायचे. पावसाळ्यात कुत्र्याचं एक पिल्लू गाडीखाली गेलं. बाबा उतरले, त्याला उचलून गडग्यापलीकडे ठेवलं, हात धुतले, आणि त्या दिवशी पुन्हा गाडी काढली नाही. दुसऱ्या दिवशी वेग तेवढाच.

गावाला वेगाचं भय नव्हतं असं नाही. पण ते भय फक्त बाहेरच्या गाड्यांचं होतं. रस्त्यावरून काही सुसाट गेलं की पारावर बसलेली माणसं आधी नंबरप्लेट बघायची. एमएच बारा, एमएच चौदा, म्हणजे पुण्याकडचं असलं की शिव्या. "इले मेले समुद्र बघूक. शिरा पडो तेंच्या तोंडार!" आणि आमच्या जिल्ह्याचं झिरो सात असलं की तीच माणसं हसायची, "कोणाचो रे तो? कसो गेलो बघ, विमान!" मीही हसायची. आता मी शहरात नोकरी करते, स्वतः गाडी चालवते, आणि चाळीसच्या वर काटा गेला की माझा पाय आपोआप सैल होतो. मागचे हॉर्न वाजवतात, मित्रमैत्रिणी चेष्टा करतात. मी त्यांना एवढंच सांगते की माझ्या वडिलांकडून शिकले. ते त्यांना विनोदी वाटतं.

त्या चतुर्थीला आत्या आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, मुंबईहून आले होते. पाच दिवसांचा गणपती. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळची ट्रेन. पाच दिवस वाटाण्याचं सांबारं आणि वडे खाऊन कंटाळलेल्या घरात त्या दुपारी बांगड्याचं तिखलं शिजलं होतं, आणि तिरफळाचा वास अगदी खळ्यापर्यंत, पुढच्या अंगणापर्यंत येत होता. काकांनी तिसऱ्यांदा भात घेतला. "सुमती, आता पुरे, उशीर होतलो," आई आत्याला म्हणाली, आणि आत्या म्हणाली, "वैनी, सदू आसा ना!" मग सोलं, मग नारळ, मग गाऱ्हाणं. आम्ही निघालो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे सगळ्यांनी एकदम बघितलं आणि सगळे हसले. मी सोबत गेले कारण येताना बाबांना बोलायला कुणी हवं असायचं. बोलायचं म्हणजे त्यांनी बोलायचं, मी ऐकायचं. बॅगांमुळे मला अगदी मागच्या आडव्या बाकावर जागा मिळाली, सोलांच्या पिशवीला टेकून, मागच्या काचेशी.

तिथून काटा दिसत नव्हता. मी गडग्याकडे बघत होते. गाडी हळू असली की त्यातला एक एक चिरा वेगळा दिसतो, मधलं शेवाळ दिसतं. गावातल्या शाळेच्या पुढे गेलो आणि चिरे वेगळे दिसायचे थांबले, नुसता तांबडा पट्टा उरला. पुढे काका कुठल्यातरी भजनाची मजा सांगत होते. व्हाळाचं वळण आलं, गाडी डावीकडे ओढली गेली, आणि टक असा आवाज झाला. फार मोठा नाही. ओट्यावर कुणी तांब्या ठेवावा तेवढा.

"काय लागला?" बाबांनी विचारलं. पाय जरासा सैल झाला, मला ते पाठीत कळलं.

"फांदी असतली रे," आत्या म्हणाली. "चल तू, सव्वासहा वाजतत."

मी मागच्या काचेतून बघत होते. गटारातल्या गवतात एक निळी सायकल आडवी होती आणि तिचं मागचं चाक फिरत होतं. गडग्यावर एक हात होता. चिऱ्याची कड धरलेला, पांढऱ्या बाहीतला. वळण संपायच्या आत तो हात खाली गेला. मी तोंड उघडलं, हे मला नक्की आठवतं, कारण तोंडात वारा आला होता. बाबांनी आरशात माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग रस्ता सरळ झाला आणि पाय पुन्हा खाली गेला.

कुडाळला पोचलो तेव्हा ट्रेन पाऊण तास उशिरा असल्याची घोषणा चालू होती. काकांनी घड्याळ वर करून दाखवलं, "पस्तीस मिन्टा! सदू म्हंजे सदू!" आणि सगळ्यांसाठी चहा आणि कांदाभजी आणली. आम्ही पाऊण तास बाकावर बसून भजी खाल्ली. मी एक घेतली, ती हातातच थंड झाली, मग ती बाकाखाली ठेवली. बाबा दोनदा गाडीकडे जाऊन आले. डावा आरसा आत दुमडला गेला होता. तो त्यांनी न बघताच हाताने बाहेर ढकलला. परत येताना ते म्हणाले, "डिझेल भरूचा आसा," आणि लांबच्या रस्त्याने वळले. पंप आमच्या नेहमीच्या रस्त्यावरही होता. वाटभर रेडिओ मोठा होता.

सकाळी मला पाण्याच्या आवाजाने जाग आली. बाबा खळ्यात गाडी धूत होते. बादलीवर बादली ओतत होते, आणि डाव्या बाजूला पुन्हा पुन्हा. शेजारचे भाई गडग्यावरून वाकून म्हणाले, "सदू, आयकलंस? बाबल गुरवाक कोणीतरी गाडयेन उडवल्यान. व्हाळाकडे. तासभर पडलेलो थंय. गवताच्या बायो इल्यो म्हणान दिसलो. डोक्याक लागला. रातीच गोव्याक हलवल्यानी."

आमच्याकडे गोव्याच्या मोठ्या इस्पितळात हलवलं म्हणजे जिवावरचं, हे सगळ्यांना समजतं. आई चुलीपुढून उठून दारात आली.

"गाडी खंयची?" बाबांनी विचारलं. हातातलं फडकं त्यांनी पिळलं नव्हतं, पाणी पायावर गळत होतं.

"पुण्याकडची. दोन-तीन गाडयो गेल्यो सांजेक, काळे काच. नंबर कोणी बघूक नाय. पण झिरो सात नसतलो." भाईंनी मान हलवली. "आपलो माणूस थांबलो असतो."

बाबलतात्या म्हणजे आमच्या रवळनाथाच्या देवळाचे गुरव. रोज दिवेलागणीआधी सायकलवरून देवळात जायचे. ते इतके जपून जायचे की मुलं त्यांची नक्कल करत. गाडीचा आवाज लांबून जरी आला तरी ते सायकलवरून उतरायचे, सायकल गडग्याला लावायचे, आणि गाडी जाईपर्यंत एक हात छातीशी धरून उभे राहायचे, ड्रायव्हर ओळखीचा असो नसो, त्याला मान लववून. त्या दिवशी त्यांना उतरायलाही वेळ मिळाला नव्हता. हे मला त्या सकाळी दात घासताना सुचलं आणि मी तिथेच पायरीवर बसले.

पुढच्या दोन-तीन दिवसांत पुण्याच्या गाडीची गोष्ट पक्की होत गेली. कुणाला तिचा रंग आठवला, कुणाला गाण्याचा आवाज, कुणी म्हणालं आत बाटल्या होत्या. ठरलं की देवळात सगळ्यांनी जमायचं, तात्यांसाठी गाऱ्हाणं घालायचं, आणि रस्त्यावर गतिरोधक मिळावेत म्हणून अर्ज करायचा. पर्यटकांसाठी इंग्रजीत एक मोठी पाटीही लावायची. "पाटी आणि अर्ज माझा चेडू लिहितला," बाबा पारावर सगळ्यांसमोर म्हणाले. ते मला भाईंकडून कळलं.

मी ओटीवर अर्ज लिहायला बसले. बाबा मागे येऊन उभे राहिले. त्यांच्या अंगाला डिझेलचा आणि विडीचा वास येत होता, विडी त्यांनी दोन वर्षांपूर्वी सोडली होती.

"काय लिवलंस?"

"अज्ञात पर्यटक वाहनाने," मी वाचून दाखवलं.

"बरा आसा." ते गेले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तू मागे बसल्लंस. तुका काय दिसला?"

आतून आईच्या खोबरं किसण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"फांदी होती ती," बाबा म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

किसणं पुन्हा सुरू झालं. त्या एका अक्षराएवढं मोठं खोटं मी नंतर कधी बोलले नाही. आणि ते बोलताना मला जी दया आली होती, त्यांची की माझी, ते अजूनही ठरवता येत नाही. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

देवळात सकाळी दहा वाजता सगळं गाव होतं. पुरुष पुढे, बायका खांबांच्या या बाजूला. तात्यांची बायको एका खांबाला टेकून बसली होती, मांडीवर फोन ठेवून. तिचा मुलगा गोव्यात होता, तो कळवणार होता. फोनचा पडदा विझला की ती बोटाने पुन्हा पेटवायची. दुसरीकडे कुठेच बघत नव्हती. माझ्या हातात अर्जाचा कागद होता, गाऱ्हाणं झालं की मी तो वाचायचा होता. आई माझ्या शेजारी होती. तिने माझं मनगट धरलं होतं, गाडीतल्या कडीसारखं.

गाऱ्हाण्याचा मान असलेले मोठे गावकर उभे राहिले. सत्तरीच्या पुढचे, पण गाऱ्हाण्याला आवाज असा, की बाहेरच्या वडावरचे कावळे उडायचे.

"बा देवा रवळनाथा, बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा! तुझो सेवेकरी, तुझ्या दाराक दिवो लावणारो, आज परमुलखात खाटेर पडलो आसा, त्येका तूच राखूक व्हयो..."

"व्हय म्हाराजा!"

त्या सगळ्या आवाजांत मला बाबांचा आवाज वेगळा ऐकू आला. त्यांचा आवाज नेहमीच मोठा.

"त्येच्या बायलेच्या कपाळाचा कुंकू राख..."

"व्हय म्हाराजा!"

पुन्हा बाबा. पुरुषांच्या दुसऱ्या रांगेत, हात जोडलेले, डोळे मिटलेले. मला वाटलं, एवढ्यावर संपेल. गावकरांनी श्वास घेतला.

"आणि म्हाराजा, ज्या कोणी ह्या केल्यान आणि पाठ फिरवन पळालो, तो खंयचोय असांदे, त्येका तू सोडू नुको. ज्या हातान त्येना स्टेरिंग धरल्लो तो हात झडान पडांदे. आणि जसो आज ह्या घराचो दिवो विझाक इलो, तसो त्येच्या घराचो दिवो, त्येचा पोटचा पोर..."

गावकर थांबले, कारण तिथे सगळ्यांनी म्हणायचं असतं. सगळ्यांनी म्हटलं. बाबांचा आवाज त्यात नव्हता. त्यांनी डोळे उघडले होते आणि ते खांबांच्या मधून बायकांकडे बघत होते, एकेकीकडे, मला शोधत. मी त्यांना सापडले. त्यांचे ओठ हलत होते आणि त्यांतून काही येत नव्हतं. व्हाळाच्या वळणावर माझं तोंड असंच झालं असणार.

"काय रे, आवाज नाय?" गावकर म्हणाले. "कोण गप आसा तो? देवाच्या कामाक सगळ्यांचो आवाज व्हयो. परत सांगतंय. त्येचा पोटचा पोर, म्हाराजा..."

बाबांनी हात जोडले, छाती भरून घेतली. मी आईच्या हातातून मनगट सोडवलं. कागद खाली पडला. मी वाक्य जुळवलं नव्हतं. दोन बायकांच्या मधून पुढे गेले, आणि माझाच आवाज मला कुणा दुसरीचा वाटला.

"थांबा," मी म्हणाले. "गाडी आमची होती. तात्या पडले ते मी मागच्या काचेतून बघितलं, आणि मी गप्प बसले."